लोणच्याखालचं पिस्तूल

हॅमिल्टन
रविवार, २६ फेब्रुवारी २००६

ती. मामा,

दुसऱ्याच्या डब्याच्या पिशवीत लोणचं शोधताना हाताला पिस्तूल लागलं, तर 'सॉरी' कुणी म्हणायचं? आपण, की पिशवीवाल्याने? तीन दिवस विचार करतेय आणि मला उत्तर येत नाही. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. आपल्या घरात हत्याराशी संबंध आलेले तुम्ही एकटेच. सव्वीस वर्षं बँकेच्या दारात बारा बोरची बंदूक मांडीवर घेऊन बसलाय, म्हणून तुम्हालाच विचारते. आई-बाबांना यातलं काही कळू देऊ नका. बाबा 'परत ये' म्हणतील आणि आई पत्र गल्लीत वाचून दाखवेल.

पहिल्यापासून सांगते. आमची कंपनी इथे 'ते रापा' नावाच्या भागात आहे. गाईंचं दूध काढायच्या यंत्रांचे कंट्रोल पॅनेल बनवते, मी त्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. चाळीस माणसं, त्यांत मराठी दोन: मी आणि माझे मॅनेजर दीनानाथ खांबेटे. मूळचे पुण्याचे, इथे नऊ वर्षं आहेत. ऑफिस त्यांना 'डीन' म्हणतं. माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून ऑफिसात मी 'सर' म्हणते आणि त्यांच्या घरी गेले की 'काका'. ही नोकरी मला त्यांनीच दिली. इथे कायम राहायच्या अर्जाला कंपनीचं एक पत्र जोडावं लागतं, की या बाईची आम्हाला खरोखर गरज आहे. तेही तेच देणार आहेत.

दुपारी आम्ही दोघं एकत्र जेवतो. बाकीचे एका हातात सँडविच आणि दुसऱ्या हातात माऊस धरून जेवतात. इथे कुणी दुसऱ्याची पिशवी उघडली तर त्याला साहेब बोलावून घेतील. आपल्यात उघडली नाही तर 'रागावलीस का?' म्हणून विचारतात. गुरुवारी काका फोन आला म्हणून बाहेर गेले. मला त्यांच्या बायकोचं, आशालताकाकूंचं, लिंबाचं लोणचं हवं होतं. पिशवीत हात घातला. वर लोणच्याची बाटली, मग पोळ्यांचा डबा, आणि तळाशी पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. मला वाटलं, छोटा खलबत्ता असेल. पंचा उलगडला. काळं, हातभरही नाही, पण खलबत्ता नव्हता.

मी पंचा होता तसा गुंडाळला, वर डबा ठेवला, त्यावर बाटली ठेवली.

काका आले. पोळी मोडत म्हणाले, "लोणचं नाही घेतलंस?"

"नको सर. ॲसिडिटी झालीय."

"अगं, घे. आशालताने मुद्दाम तुझ्यासाठी दिलंय." स्वतः पिशवीत हात घालून बाटली काढली. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. मी मात्र चमचा उलटा धरला होता.

ते लोणचं मी खाल्लं, मामा. छान झालं होतं, याचीच लाज वाटते.

माणूस असं का करतो? आणि मी आता काय करू?

तुमची सुमेधा

*

जयसिंगपूर
१३ मार्च २००६

चि. सुमे,

तुझं पाकीट बँकेच्या पत्त्यावर आलं. बंदूक भिंतीला टेकवली आणि तीन वेळा वाचलं. तुझ्या मामीने विचारलं तेव्हा सांगितलं, पोरगी म्हणते तिकडे थंडी फार आहे.

पहिलं म्हणजे, न विचारता लोकांच्या डब्यात हात घालणं बंद कर. आज पिस्तूल निघालं, उद्या कारल्याची भाजी निघेल.

दुसरं, तिकडे तर सगळ्यांकडेच असतं ना? आमचा कॅशियर म्हणतो, परदेशात लोक भाजी आणायलाही कमरेला लावून जातात. त्याने पुष्कळ इंग्रजी सिनेमे पाहिलेत आणि सगळे देश एकच समजतो, तरी तुला विचारून घेतो.

आता हत्याराचं. तुम्ही लोक बंदूक बघितली की भलतेच गंभीर होता. आमच्या बंदुकीने सव्वीस वर्षांत काय काय केलं ते ऐक. पंख्यात अडकलेला पतंग काढला. पेटत नसलेली ट्यूबलाइट नळीने टोचून पेटवली. लॉकरमागे पडलेली मॅनेजरसाहेबांची कवळी ओढून काढली. तीन मॅनेजरांच्या निरोप समारंभात फोटोला उभी राहिली. पण उडाली कधी नाही. एकदाही नाही. हे लिहून घे.

तेव्हा त्या खांबेट्याच्या पंच्यात काय आहे याची तू काळजी करू नकोस. तू आपल्या घरातली पहिली पदवीवाली, मान्य. म्हणून जगातलं सगळं वाकडं तूच सरळ करायचं असं काही विद्यापीठाने तुला लिहून दिलेलं नाही. बारावीला कॉपीमुक्त अभियानाची सेक्रेटरी होऊन तू माझ्याच पोरीची, सुनीताची, चिठ्ठी पकडून दिलीस. तुझं नाव निघालं की ती अजून भांडी आदळते.

ते कंपनीचं पत्र आधी पदरात पाडून घे. तोपर्यंत तुला काही दिसलेलं नाही. शेवटी आपल्यातला माणूस आहे, आपल्यातल्या माणसाचं झाकायचं असतं.

मामीचे आणि माझे आशीर्वाद.

राजाराममामा

*

हॅमिल्टन
रविवार, २६ मार्च २००६

ती. मामा,

कॅशियरना सांगा, तो देश दुसरा. इथे साधा पोलिसही कमरेला पिस्तूल न लावता फिरतो. पिस्तूल ठेवायचं तर नेमबाजीच्या क्लबाचं सभासद व्हावं लागतं. घर ते क्लब एवढाच त्याचा प्रवास, तोही रिकामं करून, पेटीत कुलूप लावून. पंचा कायद्यात कुठेच नाही. मी लायब्ररीत जाऊन वाचलं.

तुम्ही सांगितलंत तसं मी 'काही दिसलं नाही' असं ठरवलं. पण एकदा दिसलेलं न दिसणं फार कठीण असतं. आता ते पिशवीत नसतं. काकांनी कमरेला लावायचं चामड्याचं घर आणलंय. हे मला कसं कळलं? बाहेर लोक जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि अर्ध्या चड्डीवर फिरताहेत, ऑफिसातल्या बायका दुपारी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन पोहायला जातात आणि आमचे काका गुडघ्यापर्यंतच्या लोकरी जाकिटात. मार्करचं टोपण खाली पडलं तर वाकत नाहीत. कंबर ताठ ठेवून गावाकडच्या संडासात बसावं तसे सरळ खाली बसतात, टोपण घेतात, सरळ वर येतात. फळ्यावर उंच लिहायचं असलं की मला म्हणतात, "तू लिही, माझा खांदा धरलाय." ऑफिसने त्यांना पाठीच्या डॉक्टरचा नंबर दिलाय.

मला राहवलं नाही. परवा जेवताना सरळ विचारलं.

मला वाटलं होतं, रागावतील. मामा, ते खुलले! किती दिवस कुणीतरी विचारायची वाट बघत असावेत.

"आशालताला माहीत नाही हं," म्हणाले. "आपल्या दोघांत."

मग सगळं सांगितलं. इथल्या लोकांत मिसळायचं तर काहीतरी खेळायला हवं. रग्बी जमेना, मासेमारीत उलटी झाली. म्हणून दोन वर्षांपूर्वी ते पिस्तूल क्लबात गेले आणि पहिल्याच महिन्यात त्यांचा नेम सगळ्यांत चांगला निघाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा इथे कुणीतरी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जानेवारीत ब्रेंट नावाच्या तंत्रज्ञाला कामावरून काढायची पाळी काकांवरच आली. ब्रेंटने जाताना कॉफीचं मशीन लाथेने फोडलं. दुसऱ्या दिवसापासून काका पिस्तूल आणायला लागले.

"ब्रेंट परत आला का?" मी विचारलं.

"छे. तो ऑस्ट्रेलियाला गेला, तिकडे मजेत आहे."

"मग अजून कशाला?"

काकांनी दह्यात चमचा फिरवला. मग म्हणाले, "सुमेधा, हे कमरेला असलं ना, की मला मीटिंगमध्ये बोलता येतं."

हे खरं आहे, मामा. पूर्वी मीटिंगमध्ये ते वाक्य सुरू करायचे आणि दुसराच कुणीतरी ते पूर्ण करायचा. आता त्यांचं वाक्य कुणी तोडत नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, डीनमध्ये हल्ली काय आत्मविश्वास आलाय! लोक यासाठी व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग लावतात.

उठताना म्हणाले, "तू आपल्यातली म्हणून बोललो. आणि हो, तुझं ते पत्र पुढच्या आठवड्यात देतो." दोन्ही वाक्यं एकाच श्वासात. धमकी होती का? नसावी. ते तसे नाहीत. पण मी तेव्हापासून त्या दोन वाक्यांमध्ये पूर्णविराम शोधतेय.

तुमची सुमेधा

*

जयसिंगपूर
८ एप्रिल २००६

चि. सुमे,

तुझं पत्र वाचून इतका हसलो की दारातली एक खातेदारीण माझ्यासाठी पाणी घेऊन आली. टोपण उचलायची पद्धत मी स्टुलावरून उठून करून बघितली. जमते, पण या वयात करू नये.

मीटिंगचं मात्र खरं बोलला गडी. मी गणवेशाशिवाय मंडईत गेलो तर मला वांगी किडकी देतात. गणवेशात गेलो की निवडून देतात. बंदूक नसली तरी चालतं, नुसता पट्टा पुरतो. त्याला म्हणावं, नुसतं रिकामं चामडं लावून ये, परिणाम तोच होईल.

पण एक गोष्ट विचारून घे. आत गोळी घालून आणतो की रिकामं? सरळ विचार आणि तोंडाकडे बघ. 'रिकामं आहे' असं पटकन म्हणाला तर बरं. हसला, तर भरलेलं आहे असं समज.

आणि भरलेलं असलं तर त्याच्या शेजारी जेवू नकोस. खुर्ची बदल. काहीही कारण सांग. मी गंमत करत नाही.

पत्र मिळालं का ते कळव. तोवर गप्पच राहा.

राजाराममामा

सुमे, मी शकुमामी. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी घालते. तुझ्या मामांनी हे पत्र दोन वेळा लिहून दोन वेळा फाडलं, हे तिसरं आहे. जेवणावर लक्ष नाही. तिकडच्या थंडीचं त्यांना इतकं काय लागलंय? स्वेटर घालत जा.

*

हॅमिल्टन
रविवार, २३ एप्रिल २००६

ती. मामा,

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. गुरुवारी सकाळी काकांना विचारलं, "सर, ते रिकामं असतं ना?"

ते हसले.

खुर्ची बदलायला वेळच मिळाला नाही. त्याच दुपारी जे झालं ते सांगते.

काकांची ऑकलंडला माउंट वेलिंग्टनमध्ये मीटिंग होती. इथून गाडीने दीड तास. साडेअकराला ते घाईत निघाले. पाऊण वाजता माझा फोन वाजला. गाडी रस्त्याकडेला थांबवली असावी, मागून ट्रकचे आवाज येत होते.

"सुमेधा, शांतपणे ऐक. चेहरा बदलू नकोस. रिसेप्शनजवळचं मोठं टॉयलेट आहे ना? तिथे हात पुसायच्या कागदांचा डबा आहे भिंतीला. त्याच्यावर."

"त्याच्यावर काय?"

"अगं, पट्टा सोडावा लागतो ना! तिथे ठेवलं आणि विसरलो. तुझ्या डब्याच्या पिशवीत घाल आणि ड्रॉवरमध्ये ठेव. मी चारपर्यंत येतो."

मी चेहरा बदलला नाही. पण इतकी पळाले की सगळ्यांना कारण कळलंच असेल, फक्त चुकीचं कळलं असेल.

दार आतून बंद होतं. बाहेर आमची रिसेप्शनिस्ट तुई उभी होती. शाळा-बालवाड्यांना सुट्टी लागलीय म्हणून ती चार वर्षांच्या नातीला ऑफिसात आणते. ती पोर दिवसभर रिसेप्शनच्या टेबलाखाली चित्रं काढत बसते. तुई हसून म्हणाली, "नात आत आहे. आता एकटी जाते म्हणते, मला येऊ देत नाही."

मामा, मी त्या दारापुढे किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. आतून गाणं ऐकू येत होतं. मग पाण्याचा आवाज. मग गाणं थांबलं. मला तुईला सांगायचं होतं आणि माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता. पदवी, इंग्रजी, काहीच निघत नव्हतं.

दार उघडलं. पोरीचे दोन्ही हात ओले, समोर धरलेले. आजीला तक्रार करत होती, की कागद फार उंच आहेत, उड्या मारल्या तरी हात पोचत नाही.

तुईने स्वतःच्या स्कर्टला तिचे हात पुसले.

मी आत गेले, कडी लावली. ते तिथेच होतं, सुगंधाच्या डबीशेजारी. पिशवीत घातलं. उपम्याच्या डब्याखाली. मग जागेवर येऊन बसले आणि चारपर्यंत माझ्या ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल होतं. त्या तीन तासांत तुमची भाची हॅमिल्टनमधली बेकायदा हत्यारबंद बाई होती.

आणि आता जे लिहिते ते कुणालाच सांगितलं नाही. दोनच्या सुमाराला, नेहमीपेक्षा लवकरच, विक्री विभागातला ग्रँट आला. रोज संध्याकाळी जाता जाता तो माझ्या टेबलावर स्वतःचं काम टाकतो आणि मी रोज 'शुअर' म्हणते. त्या दिवशी मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "नाही. तुझं तू कर." तो म्हणाला, "सॉरी, सुमेधा." माझं पूर्ण नाव घेतलं! अकरा महिन्यांत पहिल्यांदा. मला इतकं छान वाटलं, मामा, की माझीच मला भीती वाटली. काका रोज सकाळी काय कमरेला बांधतात ते मला कळलं.

चारला ते आले. मी पिशवी दिली आणि पोरीचं सांगितलं. ते पांढरे पडले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "पण पोचला नाही ना हात?"

आणि बॅगेतून माझं पत्र काढून दिलं. सही केलेलं. "हे घे. कधीचं राहिलं होतं. बरं झालं गं तू होतीस, दुसरं कुणी असतं तर!"

पत्र माझ्या उशीखाली आहे. अर्ज भरलेला आहे. पोस्टात टाकायला हात होत नाही. तुम्ही म्हणाला होतात, पत्र मिळेपर्यंत गप्प राहा. आता मिळालंय. पुढे काय करायचं ते सांगितलं नाहीत.

तुमची सुमेधा

*

जयसिंगपूर
६ मे २००६

चि. सुमे,

हे पत्र मामीकडे बंद करायला देणार नाही.

आमची बंदूक उडालेली आहे. एकोणीसशे एक्क्याण्णवच्या दिवाळीआधी. दरोडेखोर आलेत अशी अफवा होती, म्हणून मॅनेजर म्हणाले भरून ठेवा. मी दोन्ही नळ्या भरल्या. दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला काउंटरला टेकवून डबा खायला बसलो. शेंगदाण्याची चटणी होती, अजून आठवते. मी तिथे जेवलो नसतो तर बंदूक हातात असती. ती घसरली आणि उडाली.

आमच्याकडे चहा आणि झाडलोट करणारी सरलाबाई तू पाहिली आहेस. लहानपणी तुला बिस्किटं द्यायची. थोडी लंगडते. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. सगळ्या गावाला माहीत आहे की घरी तिच्या पायावर पाटा पडला. हे मॅनेजरने ठरवलं, डॉक्टरने लिहिलं, मी मान खाली घालून ऐकलं, आणि सरलाबाईने स्वतः ते चार लोकांना सांगितलं. सगळे एकच म्हणत होते, राजाराम आपल्यातला माणूस आहे, त्याची नोकरी जायला नको. ती आपल्यातली होती की नाही, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. भिंतीतले छर्रे मी स्वतः चमच्याने उकरून काढले आणि वर दिनदर्शिका लावली.

रोज अकराचा पहिला चहा ती मला देते. पंधरा वर्षं. मी पितो.

तुला मी 'गप्प बस' म्हणालो ते तुझ्या भल्याचं म्हणून नव्हे. आपल्या घरातल्या एकाने तरी, शिकलेल्या माणसाने, गप्प बसून दाखवलं असतं तर मला वाटलं असतं की मीही काही फार वेगळं केलं नाही. एवढाच स्वार्थ. आता खरं सांग, माझं बरोबर होतं का?

तुझ्या त्या पोरीचा हात पोचला नाही. सरलाबाईच्या पायापर्यंत छर्रे पोचले होते.

सांगून टाक. ज्याला सांगायला हवं त्याला. पत्र गेलं तर गेलं. परत आलीस तर आमच्या बँकेत कॉम्प्युटर आलाय, त्याला सगळे घाबरतात. ते काम तुला नक्की मिळेल.

राजाराममामा

*

हॅमिल्टन
सोमवार, २२ मे २००६

ती. मामा,

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. ते मिळायच्या सहा दिवस आधी, बारा तारखेला, मी सांगून आले होते. तुमचा सल्ला उशिरा पोचला, पण वाया गेला नाही. त्यानंतरचे दिवस मी तोच वाचून काढले.

सांगायचं असं मी तुमची वाट बघतानाच ठरवलं होतं. सुट्टी संपली आणि तुईची नात पुन्हा बालवाडीत गेली. जाताना मला चित्र देऊन गेली, मी आणि एक गाय. त्यानंतर काकांच्या शेजारी बसून जेवण उतरेना. शुक्रवारी जेवताना मी म्हटलं, "काका, मी आज पोलिसांकडे जाणार आहे." ऑफिसात पहिल्यांदाच 'काका' म्हटलं.

त्यांना आधी गंमत वाटली. मग नाही.

"मी तुझं काय वाईट केलं गं?"

"काहीच नाही."

"नोकरी कुणी दिली? पत्र कुणी दिलं? आशालता तुला लेकीसारखं जेवायला घालते, आणि तू असे पांग फेडणार?"

"ती मुलगी अजून थोडी उंच असती तर, काका?"

"नव्हती ना पण!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीन तास तुझ्या ड्रॉवरमध्ये होतं, लक्षात आहे ना? तुझंही नाव येईल."

"ते मी पहिलं सांगणार आहे."

दोघांचेही डबे तसेच राहिले. मी कोट घातला आणि निघाले. तुम्हाला माहीत आहे, मला अजून गाडी येत नाही आणि इथे बस तासाला एक. मी स्टॉपवर उभी होते. वारा असा की कानशिलं बधिर झाली. दहा मिनिटांनी समोर काकांची गाडी थांबली.

"बस आत."

"नको."

"पुढची बस दोन दहाची आहे. तोवर मरशील थंडीने. बस म्हणतो ना!"

बसले. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्याविरुद्ध आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला मला स्वतः काकाच घेऊन गेले. वाटेत सबंध वेळ बोलत होते. मी कृतघ्न, मी पुस्तकी, मला माणसं कळत नाहीत, माझ्यासारख्या मुलीचं लग्न जमणं कठीण. मध्येच हीटर वाढवून विचारलं, "आता ऊब येतेय का?" मी म्हटलं, "येतेय." मग पुन्हा सुरू.

पोलीस ठाण्यासमोर गाडी लावून ते आतच बसून राहिले. मी एकटी गेले. टेबलामागे पंचविशीचा पोलीस चहात बिस्किट बुडवत होता. "कीआ ओरा", म्हणजे इथला माओरी नमस्कार, करून म्हणाला, "काय मदत करू?" मी म्हटलं, मला एक गुन्हा सांगायचाय, माझा. तो म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे इथे 'ठीक आहे'. मी गुन्हा कबूल केला आणि त्याने बिस्किट पुढे केलं.

"पिस्तूल किती वेळ होतं तुझ्याकडे?"

"तीन तास."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"भारतात माझ्या मामांना."

"त्यांच्याकडे परवाना आहे?"

"हो. ते बँकेत असतात."

त्याने तेही लिहून घेतलं. तेव्हा तुमचं नाव न्यूझीलंडच्या पोलिसांकडे आहे, पण चांगल्या अर्थाने.

ज्याचं पिस्तूल त्याचं नाव सांगायची वेळ आली आणि माझा आवाज पुन्हा गेला. टॉयलेटच्या दारापुढे गेला होता तसा. तेवढ्यात मागचं दार उघडलं. काका होते. लोकरी जाकीट काढलेलं, हातात डब्याची पिशवी. ती त्यांनी अलगद टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझं नाव दीनानाथ खांबेटे. डीन नाही. नीट लिहून घ्या." त्यांचं वाक्य कुणी तोडलं नाही, मामा. आणि तेव्हा कमरेला काही नव्हतं.

पिस्तूल जप्त झालं, परवाना गेला. खटला जुलैत उभा राहील. कंपनीने त्यांना घरी बसवलंय. मला पोलिसांकडून लेखी ताकीद मिळाली. साहेब म्हणतात, खांबेट्यांच्या सहीच्या पत्राला आता काय किंमत हे वकिलाला विचारून सांगू; दुसरं देऊ की नाही, ते बोलत नाहीत. आशालताकाकूंनी फोन उचलणं बंद केलंय. मराठी मंडळाच्या वसंत भेटीचं आमंत्रण सगळ्यांना गेलं, मला नाही. इथे मे महिन्यात पानं गळतात तरी मंडळ वसंतच साजरा करतं, त्यामुळे फार काही चुकलं असं नाही. तरी रडू आलं.

तुम्ही विचारलंत, तुमचं बरोबर होतं का. नव्हतं, मामा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून दुसरं काही लिहायचं मी चार दिवस बघितलं, जमलं नाही. सरलाबाईंना तुम्ही काय सांगायचं हे मी सांगणार नाही. फक्त उद्या अकराला चहा त्यांना तुम्ही करून द्या आणि समोर बसा. पुढचं तुम्हाला सुचेल.

अर्जात एक प्रश्न आहे: तुमचं कधी पोलीस प्रकरण झालंय का? समोर 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं, ताकीद म्हणजे शिक्षा नव्हे, 'नाही'वर खूण केलीस तरी कुणी बघायला येत नाही. काल दिवसभर पेन हातात धरून बसले होते. मी 'हो'वर खूण केली. खाली लिहायला दोनच ओळी सोडल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत, म्हणून वेगळी तीन पानं जोडली. काकांच्या सहीचं पत्रही लावलं, कारण ते खरंच आहे. पाकीट आज सकाळी पोस्टात टाकून आले.

तुमची
सुमेधा